पत्र्यावरचं पावसाचं पाणी जूनपर्यंत पिण्याला पुरवायचं आहे: टाकी केवढी, कुठे, कशी?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. गाव पारोळा तालुक्यात आहे. नळ आठ-दहा दिवसांनी येतो. बोअर ३०० फुटांचा, पण डिसेंबरनंतर थांबत थांबत पाणी देतो, आणि तेही इतकं जड की तुरीची डाळ शिजत नाही, चहावर तवंग येतो. संक्रांतीनंतर पिण्यासाठी जार विकत घ्यावे लागतात. यंदा वैशाखात काम सुरू करून पावसाळ्याआधी पत्र्याचं पाणी साठवण्याची सोय करायची आहे.

घराची मापं: ३० × २५ फूट, दुपाखी पत्रा, वळचण जमिनीपासून ९ फुटांवर. मागे जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर. शेजारी मोठा निंब, फांद्या पत्र्यावर येतात. जमीन काळी, ३ फुटांखाली मुरूम लागतो. घरात ६ माणसं.

विचारायचं ते असं: टाकी किती लिटरची घ्यावी? काळी प्लास्टिकची टाकी जमिनीत पुरली तर चालेल का? वाळू-कोळशाचा फिल्टर लागतोच का? आणि ऑक्टोबरात साठवलेलं पाणी पुढच्या जूनपर्यंत पिण्यालायक राहतं का?


तापीखोरं

भाऊ, आधी हिशोब पक्का करू. टाकीचं माप त्यातूनच निघतं.

१ चौरस मीटर छतावर १ मिलीमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. तुमचं छत ७५० चौरस फूट, म्हणजे ७० चौरस मीटर. माप जमिनीवरचं धरायचं, उतारावरच्या पत्र्याची लांबी मोजायची नाही. पत्र्यावर शिंतोडे उडणं, वाफ होणं, पन्हाळीतून सांडणं यात १५ टक्के जातात. अमळनेर-पारोळा-शिंदखेडा पट्ट्यात हिशोबाला ५५० मिमी धरा: ७० × ५५० × ०.८५ = ३२,७०० लिटर. पण टाकीचा भरवसा चांगल्या वर्षावर ठेवायचा नसतो. ३५० मिमीचं वाईट वर्ष धरलं तरी २०,८०० लिटर येतात.

आता खर्च. ६ माणसं, पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी ७ लिटर, म्हणजे दिवसाला ४२. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्याला थांबतो. मृग कोरडा गेला तर जूनचा शेवट उजाडतो, म्हणून २५८ दिवस धरा. झाले १०,८३६ लिटर. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीबाळी माहेरी येतात, तेव्हा आठ माणसं दहा दिवस जास्त धरली तर ५६० लिटर वाढतील. एकूण ११,४००. म्हणून वापरता येईल असं पाणी १२,००० लिटर हवं. याच्यापेक्षा लहान टाकी केलीत तर मार्चमध्ये पुन्हा जार, आणि याच्या दुप्पट केलीत तर वाईट वर्षी ती भरणारच नाही.

एक गोष्ट घरात सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगा. हे पाणी पिण्याचं आणि शिजवण्याचं आहे. कपडे, अंघोळ, गुरं, सडा यांना नळ आणि बोअर. सहा माणसांची सगळी गरज माणशी ४० लिटरने धरली तर दिवसाला २४० लिटर होतात, आणि १२,००० लिटरची टाकी ५० दिवसांत कोरडी पडते. ‘पत्र्याचं पाणी पुरत नाही’ अशी तक्रार गावोगाव ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा टाकी बरोबर असते, तोटी चुकीच्या कामाला उघडलेली असते.

धाब्याचं पाणी या टाकीत घेऊ नका. पांढरी माती सुटून येते, गाळ बसता बसत नाही. ते वेगळं काढून परसात मुरवा.


गिरणाथडी गवंडीकाम

टाकीबद्दल सांगतो.

प्लास्टिकची टाकी काळ्या जमिनीत पुरू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगताना ती टाकीची कूस आत दाबते. शिवाय टाकी रिकामी असताना भोवतीचा खड्डा पाण्याने भरला, तर टाकी होडीसारखी वर उचलली जाते आणि पाईप तुटतात. बाजारातल्या साध्या टाक्या जमिनीवर ठेवण्यासाठीच केलेल्या असतात.

दोन रस्ते आहेत.

पहिला: जमिनीवर ५,००० लिटरच्या दोन आणि २,००० ची एक अशा प्लास्टिक टाक्या. काळी माती मुरुमापर्यंत काढा, मुरूम भरून पाणी मारून धुमसा, वर ४ इंच काँक्रीट, टाकीच्या बुडापेक्षा चारी बाजूंनी ६ इंच जास्त. चौथरा एका बाजूला अर्धा इंच जरी खचला तरी भरलेली टाकी कलते आणि बुडाजवळ चिरते. तिन्ही टाक्या खालून पाईपने जोडा, पण प्रत्येकीला स्वतंत्र कॉक द्या. एकीत घाण गेली तर बाकीच्या वाचतात. वर सावली हवीच. जळगाव-धुळ्याच्या ४४-४५ अंशांत उघड्यावरच्या टाकीचं पाणी तापतं आणि प्लास्टिकचं आयुष्यही घटतं. पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) कूड आणि वर जुना पत्रा एवढं पुरतं.

दुसरा: फेरोसिमेंटची (सळई-जाळीवर सिमेंटचा माल लिंपून केलेली) गोल टाकी. जागा असेल तर माझं मत हिच्याकडे. पाणी थंड राहतं, उजेड जात नाही, चीर पडली तर गावातला गवंडी बुजवू शकतो.

माप तुमच्या वळचणीवरून ठरवा. ९ फूट व्यास आणि साडेसात फूट उंची घेतली तर १२,००० लिटर बसतात, पण खाली एक फुटाचा चौथरा धरला की तोंड साडेआठ फुटांवर जातं. पन्हाळ उताराने वळचणीपासून अर्धा फूट खाली येणार. पाईपला जागाच उरत नाही. म्हणून ठेंगणी आणि रुंद करा: आतला व्यास ११ फूट, उंची साडेपाच फूट. सांडवा (जास्तीचं पाणी बाहेर काढणारा पाईप) वरून ६ इंच खाली, तोटी तळापासून ४ इंच वर. मधल्या ४ फूट ८ इंचांत साडेबारा हजार लिटर मावतात. चौथऱ्यासकट तोंड साडेसहा फुटांवर येईल. तोटीखाली हंडा मावायला एक फूट खोल खळगी बांधा आणि तिचं पाणी बाहेर काढा, नाहीतर तिथे डास होतात.

साहित्य: सिमेंट २२ ते २४ पोती (तळ, भिंत, झाकण, वाया जाणारं धरून), ६ मिमी सळई, वेल्डमेश, कोंबडीजाळीचे दोन थर, एक आत आणि एक बाहेर. उभ्या सळ्या ६ इंचांवर. आडवी कडी खालच्या अर्ध्या उंचीत ४ इंचांवर, वरच्या अर्ध्यात ६ इंचांवर, कारण पाण्याचा ताण बुडाशी सर्वांत जास्त असतो. बऱ्याच टाक्या बुडापासून फूटभर वर फुटतात, त्या कडी सारख्याच अंतरावर ठेवल्यामुळे. भिंत दीड ते पावणेदोन इंच जाड. माल १ सिमेंट, ३ वाळू. वाळू धुऊन घ्या, चिमूटभर पाण्यात टाकून पाणी गढूळ झालं तर परत धुवा.

पाणी किती घालायचं हे हाताने कळतं. माल मुठीत दाबला की लाडू वळला पाहिजे, बोटांतून पाणी सुटता कामा नये, आणि मूठ उघडल्यावर लाडू फुटता कामा नये. मजुराला पातळ माल मारायला सोपा जातो, पण वाळल्यावर त्यात केसासारख्या चिरा दिसतात आणि टाकी पाझरते. जाळी पूर्ण मालात बुडाली पाहिजे, कुठे तार दिसत राहिली तर तिथून गंज सुरू.

झाकण दोन इंचांचं, पण ११ फुटांचा गाळा मोकळा सोडू नका. मध्ये ६ इंची पाईप उभा करून त्यात चार सळ्या आणि काँक्रीट भरा, तो खांब झाला. माणूस उतरेल एवढं दोन फुटी तोंड, कडा ४ इंच उचललेली, वर घट्ट झाकण आणि कुलूप. लहान मुलं असलेल्या घरात कुलूप विसरायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वैशाखात काम म्हणजे उन्हाची झळ. प्लास्टर सकाळी ६ ते १० मध्ये, बाहेरून ओली गोणपाटं बांधून. दुपारी मारलेला माल तासाभरात पांढरा पडतो, तो पुढे कधीच धरत नाही. २१ दिवस गोणपाट सुकू द्यायचं नाही. दिवसाला चार-पाच वेळा पाणी मारायचं. टंचाईत हे पाणी आणायचं कुठून याची सोय आधी लावा. जड बोअरचं पाणी क्युरिंगला चालतं, पण खारट चव लागत असेल तर सळईला गंज चढतो, ते टाळा. दहाव्या दिवशी आत फूटभर पाणी सोडून ठेवा, तळ आतून पिकतो.

नवीन सिमेंटचं पहिलं पाणी पिऊ नका. चुनखडीसारखं लागतं. फूटभर भरून, नारळाच्या काथ्याने आतून घासून, दोनदा सोडून द्या.


तापीखोरं

पन्हाळ आणि पहिल्या पाण्याबद्दल.

दुपाखी छत आहे, म्हणजे एका पाखीला ३५ चौरस मीटर. पाऊस ताशी १०० मिमीच्या जोराने कोसळला तर एक ४ इंची उभा पाईप साधारण ४० चौरस मीटरचं पाणी ओढतो. म्हणून एका बाजूला एक, असे दोन ४ इंची पाईप. एकावरच सगळं आणलंत तर पन्हाळ मध्येच ओसंडते आणि भिंत ओली होते.

पन्हाळ ६ इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून करा. पाईपचं जळगाव जवळच आहे, कापलेले तुकडेही मिळतात. उतार ८ फुटांना १ इंच. पत्र्याची कडा पन्हाळीत सव्वा ते दीड इंच आत यावी. जास्त आत आली तर जोराचं पाणी पन्हाळ ओलांडून जातं, कमी आली तर पाणी मागच्या बाजूने भिंतीवर उतरतं. बाहेरच्या काठाला ४ इंच उंच पत्र्याची पट्टी लावा, वाऱ्याच्या पावसात तीच पाणी अडवते. हुक दोन-दोन फुटांवर. अंतर वाढवलं की उन्हात पाईप मऊ पडून मध्ये झोळ येतो आणि झोळात डास होतात. पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतं, म्हणून बाहेरून फिका ऑईलपेंट.

पहिलं पाणी. पत्र्यावर आठ महिन्यांची धूळ, पारव्यांची विष्ठा, निंबाची पानं-निंबोळ्या, गावात जिनिंग असेल तर कापसाचे तंतू. यातलं बरंचसं पहिल्या १ मिमी पावसात उतरतं. ३५ चौरस मीटरला ३५ लिटर. उभ्या पाईपला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून खाली ६ इंची पाईपचा ७ फुटांचा तुकडा बंद टोकाचा लोंबवा. त्यात ३८ लिटर मावतात. तो भरला की पुढचं पाणी टीमधून आडवं टाकीकडे वळतं.

तो तुकडा पुढच्या पावसाआधी आपोआप रिकामा व्हावा म्हणून भोक लागतं, आणि सगळी गडबड तिथेच होते. भोक तळाच्या टोपीला पाडलं तर पहिल्याच दिवशी चिखलाने बुजतं. मग पाईप कायमचा भरलेला राहतो, आणि पुढच्या प्रत्येक पावसाची घाण सरळ टाकीत. बाहेरून मात्र सगळं नीट दिसतं! भोक बाजूला पाडा, तळापासून ३ इंच वर, २ मिमीचं. चिखल त्याच्या खाली बसतो. एवढ्या भोकातून पाईप पावणेदोन तासांत रिकामा होतो आणि पाऊस चालू असताना ताशी ४० लिटरच वाया जातात. भोक ५ मिमीचं केलं तर ताशी अडीचशे लिटर जातील. ठिबकचा ड्रिपर लावायचा मोह होतो, पण तो या गढूळ पाण्यात एका दिवसात बुजतो. टोपी चुडीची (आट्यांची) घ्या, हाताने फिरवून उघडता आली पाहिजे. पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून गाळ पाडा आणि भोकात काडी घाला.

पहिला मोठा पाऊस तर टाकीत घेऊच नका. मृगाचे पहिले एक-दोन पाऊस पत्रा धुवायला. मार्च-एप्रिलचा अवकाळीही नको, त्यात धूळच जास्त असते.


अनेरकाठ

इथेच विचारते. आमच्याकडे स्लॅब आहे, चोपडा तालुका. उन्हाळाभर स्लॅबवर पापड-कुरडया, मिरच्या वाळतात, एका कोपऱ्यात पऱ्हाट्यांची गंजी असते. हेच सगळं स्लॅबला लागू होतं का? आणि गोठ्यावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, ते पाणी घ्यावं का?


तापीखोरं

ताई, स्लॅबला हिशोबात १५ ऐवजी २० टक्के वजा करा. पापड-मिरचीचं काही बिघडत नाही, रोहिण्या लागायच्या आत स्लॅब झाडून, धुऊन घ्या. पऱ्हाट्यांची गंजी मात्र खाली उतरवाच. ती भिजून काळपट पाणी सुटतं, आणि तिच्यात उंदीर, पाली, विंचू राहतात. फवारणीचा पंप आणि औषधांचे रिकामे डबे स्लॅबवर ठेवायची सवय अनेक घरांत असते. ज्या छताचं पाणी प्यायचं, तिथे ते एक दिवसही नको.

स्लॅबचा उतार पाईपच्या तोंडाकडे आहे का ते बादलीभर पाणी ओतून पाहा. डबकं साचतं तिथे आधी दुरुस्ती. जुन्या वॉटरप्रूफिंगला डांबराचा थर असेल तर ते पाणी पिण्याला घेऊ नका.

जुने, पीठ सुटणारे सिमेंट पत्रे पिण्याच्या टाकीला जोडू नका. ते कापणं, घासणं, ब्रशने धुणंही नको, त्यातले तंतू श्वासातून छातीत जातात. गोठ्याचं पाणी गुरांच्या हौदाला द्या.


बोरीकाठ

खूप उपयोगी माहिती मिळाली. फिल्टर राहिला. इथला एक प्लंबर म्हणतो, २०० लिटरच्या ड्रममध्ये खडी, वाळू, कोळसा भरून टाकीच्या झाकणावर ठेवू. चालेल का?


पांझरा जलसुरक्षक

दादा, तो ड्रम दोन कारणांनी नको.

ड्रमचं तोंड पाव चौरस मीटर. भरड वाळूतून त्यातून तासाला दोन-अडीच हजार लिटर जेमतेम उतरतात. तुमच्या छतावर ताशी ६० मिमीचा पाऊस आला तर चार हजार लिटर येतील. निम्मं पाणी ड्रमवरून ओसंडेल, आणि आपल्याकडे पावसाचं बरंच पाणी अशा जोराच्या सरींतच येतं. दुसरं, दोन महिन्यांत वाळूच्या वरच्या थरावर शेवाळी साय बसते आणि उरलेलंही उतरत नाही. लोक मग फिल्टर काढूनच टाकतात.


तापीखोरं

वाळूचा फिल्टर पूर्ण टाकाऊ नाही. एक मीटर × एक मीटरची विटांची पेटी जमिनीवर बांधली तर तिचं तोंड ड्रमच्या चौपट होतं, पाणीही तेवढं जास्त उतरतं. खाली ६ इंच गोटे, त्यावर ६ इंच बारीक खडी, जाळी, वर १० इंच भरड वाळू. दरवर्षी वरची दोन इंच वाळू काढून धुवायची.


गिरणाथडी गवंडीकाम

पेटीला उंची लागते, आणि यांच्याकडे ती नाही. वळचण ९ फूट, टाकीचं तोंड साडेसहा. मधल्या अडीच फुटांत पन्हाळीचा उतार, टी, वळण आणि पेटी बसणार नाही. झाकणावर तर मुळीच नको. ओली वाळू-खडी हजार किलोच्या वर जाते, दोन इंचांचं झाकण खाली येईल.


पांझरा जलसुरक्षक

म्हणून यांच्यासाठी असं करा. पन्हाळीच्या तोंडाशी अर्ध्या सेंटीमीटरची जाळी, पानं-निंबोळ्यांसाठी. निंबाच्या पत्र्यावर येणाऱ्या फांद्या छाटा. मग पहिल्या पाण्याचा पाईप. मग टाकीच्या तोंडाशी स्टीलची किंवा नायलॉनची बारीक जाळीची पिशवी, काढून धुता येईल अशी. टाकीत पाणी वरून धबधब्यासारखं पाडू नका. पाईप तळापर्यंत नेऊन शेवटी वर तोंड करणारं वळण द्या. त्यामुळे तळाचा गाळ ढवळत नाही. गाळ चार इंचांत बसतो आणि तोटी त्याच्या वर. काढलेलं पाणी हंड्यात चौघडी कापडातून गाळा. एवढ्यावर पाणी स्वच्छ दिसतं.

दिसायला स्वच्छ म्हणजे पिण्याला सुरक्षित नव्हे. ते वेगळं काम आहे.

हस्ताचा पाऊस संपला आणि टाकी भरली की टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घाला, १,००० लिटरला ५ ग्रॅम. तुमच्या टाकीत फूटभर उंचीला साधारण २,७०० लिटर, म्हणजे फुटाला १३-१४ ग्रॅम. वजनकाट्यावर मोजा. पावडर ३३ टक्के क्लोरिनची ताजी असावी, उघड्या पोत्यातली दोन महिन्यांत निम्मी मरते. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरचं निवळ पाणीच टाकीत सोडा. चोथा टाकीत नको. अर्ध्या तासानंतर ग्लासभर पाण्यात क्लोरिन तपासा, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरला पाहिजे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटीचं (क्लोरिन तपासायचं) द्रावण असतं, पाणी पिवळसर झालं की क्लोरिन आहे.

हा क्लोरिन आठ महिने टिकत नाही, काही दिवसांत उडतो. म्हणून महिन्यातून एकदा एच२एसची (पाण्यातले जंतू तपासायची) बाटली भरून ठेवा, २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर पुन्हा टीसीएल, आणि घाण कुठून आली ते शोधा. बहुतेक वेळा झाकणाच्या कडेतून पाल गेलेली असते किंवा कोणीतरी बादली आत बुडवलेली असते. रोजच्या हंड्यात मेडिक्लोर (क्लोरिनचं द्रावण) बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर उकळून.

सांडवा आणि हवेचा पाईप धरून प्रत्येक तोंडाला मच्छरजाळी, फक्त पहिल्या पाण्याच्या पाईपचं भोक सोडा. डेंग्यूचा डास बहुतेक स्वच्छ साठ्यातच अंडी घालतो, चमचाभर जागा त्याला पुरते. आत उजेड जाऊ देऊ नका, उजेड नसला की शेवाळ नाही.

टाकी वर्षातून एकदा, नवं पाणी घेण्याआधी, जुनं तळाला गेल्यावर धुवा. झाकण दोन-तीन तास आधी उघडून ठेवा, आत एकट्याने उतरू नका, बाहेर माणूस हवा.


बोरीकाठ

ठरलं मग: ११ फुटी फेरोसिमेंट, दोन उभे पाईप, ड्रम नाही. दोन प्रश्न उरले. टाकी पुढच्या अंगणात येते, तर मागच्या पाखीचं पाणी घराला वळसा घालून आणताना पाईप अंगणात पुरला तर चालेल का? आणि सांडव्याचं पाणी बोअरमध्ये सोडलं तर बोअर उन्हाळ्यात टिकेल का?


गिरणाथडी गवंडीकाम

पुरून आणता येतो. पाणी मागच्या बाजूला खाली उतरतं आणि पुढे टाकीपाशी वर चढतं, फक्त मागची पन्हाळ टाकीच्या तोंडापेक्षा दीड फूट तरी उंच हवी, आणि ती तुमच्याकडे आहे. पण असा पाईप कायम भरलेला राहतो. दोन पावसांत पंधरा दिवसांची उघडीप पडली की त्यातलं पाणी कुजतं आणि पुढच्या पावसाला तेच आधी टाकीत येतं. सर्वांत खालच्या ठिकाणी टी आणि चुडीची टोपी ठेवा, उघडीप पडली की सोडून द्या. जोड सोल्युशनने, आणि शेतीचा हलका पाईप नको, दाब घेणारा घ्या. पहिल्या पाण्याचा पाईप मागच्याच बाजूला, पुरण्याच्या आधी.

सांडवा दोन्ही येणाऱ्या पाईपांइतकं पाणी नेणारा हवा, म्हणजे एक ६ इंची किंवा दोन ४ इंची. एकच ४ इंची ठेवला तर पाणी झाकणाच्या कडेने बाहेर येतं आणि चौथऱ्याची काळी माती फुगते.


तापीखोरं

बोअरचं खरं ते सांगतो. चांगल्या वर्षी पावसाळ्यातला वापर आणि टाकीचा साठा सोडून तुमचा सांडवा साधारण १५,००० लिटर. पारोळ्याच्या काळ्या पाषाणात पाणी फटींतून पसरतं, एका घराच्या १५,००० लिटरने ३०० फुटी बोअर मे महिन्यात जिवंत होत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-रावेरकडे गोटे-वाळूचा थर आहे, तिथे पाणी झपाट्याने उतरतं, तरी तिथेही एकट्या घराचं गणित हेच. बोअरला बळ द्यायचं तर नाल्यावरचं काम लागतं. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून, बंधारे घालून जे केलं, ते त्या मापाचं काम.

तरीही सांडवा वाया घालवू नका. बोअरभोवती ५ × ५ फूट, ६ फूट खोल खड्डा. काळी माती पूर्ण पार होऊन मुरूम लागलाच पाहिजे, काळ्या मातीतला खड्डा नुसता तळं होतो. खड्ड्याच्या भागातल्या केसिंगला (बोअरच्या बाहेरच्या पाईपला) ५ मिमीची भोकं, वर नायलॉन जाळीचे दोन वेढे, मग खाली गोटे, मध्ये खडी, वर भरड वाळू. त्यात फक्त टाकीच्या सांडव्याचं पाणी. पहिलं पाणी, अंगणाचं, गोठ्याचं, न्हाणीचं पाणी त्यात कधीही नको. एकदा बोअरमध्ये शेणमुताचं पाणी गेलं की शेजारच्या विहिरींनाही ते लागतं, आणि काढता येत नाही.

एक काम स्वस्तातलं सांगायचं राहिलं. बांबूची सरळ काठी घ्या, तोटीच्या पातळीपासून वर दर इंचाला खूण करा आणि दर महिन्याच्या एक तारखेला टाकीत बुडवून पाहा. बुडवण्याआधी काठी टीसीएलच्या पाण्याने पुसा आणि ती त्याच कामाला ठेवा. दिवसाला ४२ लिटर वापर असेल तर महिन्याला साडेपाच ते सहा इंच उतरायला हवं. डिसेंबरातच आठ इंच उतरलं तर एक तर टाकी पाझरते किंवा तोटीवरून कपड्यांची बादली भरली जाते. रात्री झोपताना आणि पहाटे पुन्हा मोजलं की कुठलं ते कळतं, रात्रीत उतरलं तर पाझर. आखाजीच्या आदल्या दिवशी तोटीच्या वर १८ इंच पाणी हवं. कमी दिसलं तर भाजी-तांदूळ धुणं नळाच्या पाण्यावर न्या, आणि टाकीवर फक्त पिणं आणि डाळ ठेवा.